तीनशे हॉर्सपॉवरचं एक-इंजिनी विमान: घेण्याआधी विम्याचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकेत प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढून दोन-तीन वर्षं भाड्याचं सेस्ना १७२ उडवलं, की स्वतःचं, जरा वेगवान विमान असावं असं वाटायला लागतं. १७२ जातं ११०-१२० नॉटनं (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल). बोनान्झा, सिरस एसआर-२२, सेस्ना २१० किंवा मोठ्या इंजिनाची मूनी घेतली, तर १६०-१८० नॉट मिळतात आणि सहाशे मैलांवरच्या नातेवाइकांकडे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. मग जाहिराती बघणं सुरू होतं. विमानाची किंमत, हँगरचं भाडं, तासाला लागणारं इंधन, दरवर्षीचं अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शन, सगळं कागदावर मांडलं जातं. विम्याच्या रकान्यात मात्र अंदाजानं एक आकडा टाकलेला असतो. आणि व्यवहार नेमका तिथेच अडतो: प्रीमियम अंदाजाच्या दुप्पट-तिप्पट येतो, नाहीतर कंपनी कोट, म्हणजे विम्याचा दर, द्यायलाच तयार नसते.

याचं कारण सरळ आहे. या वर्गातल्या विमानांचा प्रीमियम विमानापेक्षा उडवणाऱ्याकडे बघून जास्त ठरतो. तेच विमान, त्याच हँगरमध्ये, त्याच किमतीला. पण हजार तास उडालेल्या, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत, फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची परवानगी) असलेल्या मालकाला एक आकडा आणि दीडशे तासांच्या मालकाला दुसराच. म्हणून माझं सांगणं आहे, की पहिला फोन विक्रेत्याला करू नका, विम्याच्या ब्रोकरला करा. खाली सगळा क्रम सविस्तर देतो. हे सगळं अमेरिकेत नोंदणी झालेल्या, खासगी वापराच्या विमानांबद्दल आहे. उदाहरणांतले डॉलरचे आकडे आणि दर गणित समजावं म्हणून धरलेले आहेत; तुमचा दर तुमच्या कोटमध्येच कळेल.

पायरी १: विमान कोणत्या गटात बसतं ते ओळखा

एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या) नियमानं २०० हॉर्सपॉवरपेक्षा जास्त ताकदीचं इंजिन असलेलं विमान ‘हाय परफॉर्मन्स’. ते उडवायला इन्स्ट्रक्टरनं लॉगबुकात एकदा एन्डोर्समेंट (शिकवून झाल्याची सही) दिली की कायद्याचं काम झालं. त्यासाठी किमान तास ठरवलेले नाहीत. चाकं आत घेता येणारी, फ्लॅप असलेली आणि प्रोपेलरचा पिच बदलता येणारी विमानं ‘कॉम्प्लेक्स’. त्यांची एन्डोर्समेंट वेगळी.

विमा कंपनीची विभागणी याहून निराळी असते. मूनी एम-२०-जे हे याचं चांगलं उदाहरण. तिचं इंजिन बरोबर २०० हॉर्सपॉवरचं, म्हणजे कायद्यानं ती हाय परफॉर्मन्स नाहीच. पण चाकं आत जातात, त्यामुळे अंडररायटरच्या (विमा कंपनीत जोखीम तपासून दर ठरवणाऱ्याच्या) दृष्टीनं ती बोनान्झाच्या रांगेत बसते. उलट २३० हॉर्सपॉवरचं सेस्ना १८२ कायद्यानं हाय परफॉर्मन्स, तरीही विम्याला तुलनेनं सोपं, कारण त्याची चाकं खालीच असतात, वेग बेताचा आहे आणि दुरुस्तीचे सुटे भाग व मेकॅनिक सगळीकडे मिळतात.

ढोबळमानानं तीन गट धरा. पहिला, चाकं कायम खाली असलेली विमानं: १८२, ३१० हॉर्सपॉवरचं एसआर-२२ वगैरे. दुसरा, चाकं आत घेणारी पिस्टन विमानं: बोनान्झा, मूनी, २१०. तिसरा, प्रेशराइज्ड केबिनची आणि टर्बोप्रॉप विमानं: पायपरची पीए-४६ मालिका, टीबीएम, पिलाटस पीसी-१२. तिसऱ्या गटात दरवर्षी सिम्युलेटरवर किंवा त्या विमानाच्या खास इन्स्ट्रक्टरकडे रिकरंट ट्रेनिंग (उजळणीचं प्रशिक्षण) घेणं ही बहुतेक वेळा पॉलिसीचीच अट असते. तो खर्च प्रीमियममध्ये दिसत नाही, पण दरवर्षी येतो. तोही विम्याचाच खर्च समजून हिशेबात धरा.

दुसऱ्या गटाकडे कंपन्या इतक्या सावधपणे का बघतात, तेही सांगतो. चाकं खाली न करता उतरणं, ज्याला सगळे ‘गियर-अप’ म्हणतात, त्यात माणसं बहुधा सुखरूप असतात. विमान पोटावर घसरत थांबतं, आतले चालत बाहेर येतात. पण फिरतं प्रोपेलर धावपट्टीवर आपटून वाकलेलं असतं आणि इंजिन झटक्यात थांबलेलं असतं. प्रोपेलर बदलायचं, इंजिन उघडून आतून तपासायचं (प्रोपेलर असं आपटल्यावर काय तपासायचं, याबाबत लायकॉमिंग इंजिनांसाठी एफएएचा २००४ सालचा बंधनकारक आदेशच आहे), पोटाचा पत्रा, अँटेना, फ्लॅप, गियरचे दरवाजे दुरुस्त करायचे. वेग जेमतेम साठ-सत्तर नॉट, कोणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि जुनं विमान असेल तर एवढ्यावर ते दुरुस्तीपलीकडे जातं.

जुन्या बोनान्झांबाबत आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. १९८४ पूर्वीच्या बोनान्झांत गियर आणि फ्लॅपचे स्विच इतर विमानांच्या उलट जागी असायचे. १७२ किंवा १८२ मधून आलेला पायलट उतरल्यावर धावपट्टीवरच फ्लॅप वर घ्यायला हात नेतो, सवयीनं, आणि गियरचा स्विच वर करून बसतो. जमिनीवर असताना चाकं आत जाऊ नयेत म्हणून सेफ्टी स्विच असतो, पण पंखांवर अजून लिफ्ट असेल तर तो आपलं काम करेलच असं नाही. असं विमान घेत असाल, तर पूर्ण थांबून टॅक्सीवेवर आल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. ब्रोकर ‘रिट्रॅक्टेबलचे (चाकं आत घेणाऱ्या विमानांचे) तास किती?’ हे पुन्हा पुन्हा विचारतो, ते अशाच कारणांसाठी.

पायरी २: स्वतःची फाईल तयार करा

कोट मागताना ‘पायलट हिस्टरी फॉर्म’ भरावा लागतो. एका-दोन पानांचा साधा फॉर्म, पण तुमच्या दराचं बरंचसं भवितव्य त्यातच असतं. एकूण तास, रिट्रॅक्टेबल गियरचे तास, त्याच मेक-मॉडेलचे तास, गेल्या बारा महिन्यांतले आणि गेल्या नव्वद दिवसांतले तास, रेटिंग, मेडिकलची तारीख, शेवटच्या फ्लाइट रिव्ह्यूची (इन्स्ट्रक्टरबरोबरच्या ठरावीक मुदतीच्या उजळणीची) तारीख, आधीचे अपघात, क्लेम, एफएएची कारवाई. कित्येक फॉर्मवर गाडी दारू पिऊन चालवल्याबद्दलही विचारतात.

लॉगबुक समोर घेऊन बसा आणि खऱ्या बेरजा करा. अंदाजे आकडे लिहू नका. ‘मेक-मॉडेल’चा रकाना विशेष जपून भरा: ए-३६ बोनान्झाचे तास आणि व्ही-टेल बोनान्झाचे तास वेगवेगळे लिहा, म्हणजे त्यातले किती धरायचे हे अंडररायटर ठरवेल. फुगवलेला आकडा क्लेमच्या वेळी उघडा पडतो. कंपनीचा माणूस तेव्हा लॉगबुक मागतोच आणि चुकीची माहिती दिल्याच्या कारणावरून पॉलिसीच नाकारली जाऊ शकते.

आपल्यातल्या काही जणांनी आधी भारतातल्या फ्लाइंग क्लबमध्ये तास केलेले असतात. ते तास लॉगबुकात नीट नोंदलेले असतील तर एकूण तासांत धरता येतात. ते लॉगबुक गावी कपाटात पडलं असेल, तर मागवून घ्या किंवा प्रत्येक पान स्वच्छ स्कॅन करून घ्या. शंभर-दीडशे जास्तीचे तास कमी अनुभवाच्या पायलटला बराच फरक पाडतात.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगबद्दल मी आग्रहानंच लिहितो. तीनशे हॉर्सपॉवरचं विमान लांबच्या प्रवासासाठी घेतलं जातं, आणि लांबच्या प्रवासात कधी ना कधी ढग आडवे येतातच. रेटिंग नसलेला पायलट ढगात शिरला तर काय होतं, हे अपघातांच्या अहवालांत वर्षानुवर्षं तेच ते वाचायला मिळतं. अंडररायटरही तेच अहवाल वाचतात. या वर्गात रेटिंग नसलेल्याला एक तर दर चढा मिळतो किंवा कोट देणाऱ्या कंपन्याच उरत नाहीत. रेटिंगसाठी क्रॉस-कंट्रीचे पन्नास आणि इन्स्ट्रुमेंटचे चाळीस तास लागतात. शक्य असेल तर ते १७२ मध्येच पूर्ण करा आणि मग मोठं विमान घ्या. वर्ष लांबेल, पण घरच्यांना मागे बसवून निघणार असाल तर ते वर्ष वाया गेलं असं म्हणताच येणार नाही.

पायरी ३: ब्रोकर एकच ठेवा, आणि लवकर गाठा

लहान विमानांचा विमा देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत मोजक्याच आहेत. त्यातली अ‍ॅव्हेम्को थेट ग्राहकाशी व्यवहार करते. ग्लोबल एरोस्पेस, यूएसएआयजी, स्टार, ओल्ड रिपब्लिक यांसारख्यांकडे ब्रोकरमार्फतच जावं लागतं. गाडीच्या विम्यासारखं चार ठिकाणी विचारू आणि स्वस्त ते घेऊ, असं इथे चालत नाही. एका ब्रोकरनं तुमच्या नावानं कंपन्यांकडे अर्ज टाकला, की त्या कंपन्या दुसऱ्या ब्रोकरला तुमचा कोट देत नाहीत. दोन-तीन ब्रोकरांना एकदम कामाला लावलं तर गोंधळ उडतो आणि अंडररायटरच्या टेबलावर तुमचं नाव उगाच तीनदा जातं. ब्रोकर बदलायचाच असेल, तर ‘ब्रोकर ऑफ रेकॉर्ड’चं पत्र लेखी द्यावं लागतं.

म्हणून निवड करतानाच वेळ घ्या. ज्याच्याकडे तुम्हाला हव्या त्या प्रकारची विमानं बरीच आहेत, असा ब्रोकर शोधा. त्या विमानाच्या मालक-संघटनेतल्या लोकांना विचारा: बोनान्झासाठी अमेरिकन बोनान्झा सोसायटी, सिरससाठी कोपा, मूनीसाठी मापा. आणि अजून विमान ठरलेलं नसतानाच त्याला सरळ विचारा: ‘माझे एवढे तास आहेत. ए-३६, एसआर-२२ आणि १८२ या तिघांचा अंदाजे प्रीमियम आणि ट्रेनिंगच्या अटी सांगाल का?’ चांगला ब्रोकर हे आनंदानं सांगतो. ही तुलना हातात आली, की कित्येकदा विमानाची निवडच बदलते.

२०१९ नंतरची काही वर्षं हा बाजार फार कडक होता. त्याआधी बराच काळ दर पडलेले होते. मग मोठे क्लेम, महागलेला पुनर्विमा आणि काही कंपन्यांनी घेतलेला काढता पाय, यामुळे दर वाढले आणि ज्येष्ठ पायलटांची, कमी तासांच्या नवख्यांची पंचाईत झाली. पुढे थोडी सैलावलेली स्थिती आली, तरी जुन्या मालकांनी दहा वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा आज धरून चालू नका.

पायरी ४: हलची रक्कम ठरवा

पॉलिसीचे दोन मुख्य भाग. एक ‘हल’, म्हणजे विमानाच्या नुकसानीचा. दुसरा ‘लायबिलिटी’, म्हणजे दुसऱ्यांना झालेल्या इजेचा आणि नुकसानीचा. हल ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पद्धतीनं असतो: किंमत आधी ठरते, विमान पूर्ण गेलं तर तेवढी रक्कम मिळते (डिडक्टिबल, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, असेल तर वजा करून) आणि मोडीचं विमान कंपनीचं होतं.

हलचा प्रीमियम या रकमेच्या टक्क्यांत निघतो. समजा रक्कम अडीच लाख डॉलर आणि दर दीड टक्का. झाले ३,७५० डॉलर. तोच दर नवख्या पायलटला तीन टक्के लागला तर ७,५००. लायबिलिटीचा हप्ता यावर वेगळा.

इथेच पुष्कळ जण रक्कम कमी दाखवून पैसे वाचवायला जातात. त्याचं काय होतं बघा. विमानाची बाजारातली किंमत अडीच लाख, पण विमा दीड लाखाचा. चाक मोडून पंख घासला, दुरुस्ती १,१०,००० डॉलरची निघाली. मोडीत विमानाचे ७०,००० येतील असा कंपनीचा अंदाज आहे. कंपनी हिशेब करते: तुम्हाला दीड लाख देऊन मोड विकली तर तिच्या खिशातून ८०,००० जातात, दुरुस्ती केली तर १,१०,०००. ती विमान ‘टोटल’ ठरवते. तुमच्या हातात दीड लाखाचा चेक येतो आणि दुरुस्त होण्यासारखं, अडीच लाखांचं विमान जातं.

जास्त रक्कम दाखवणंही फायद्याचं नाही. तेच विमान साडेतीन लाखांना विमा केलेलं असेल आणि नुकसान दोन लाखांचं झालं, तर कंपनी दुरुस्तच करणार. वर्षभर विमान जमिनीवर, परत येईल तेव्हा लॉगबुकात मोठ्या दुरुस्तीची नोंद, आणि पुढे विकताना किंमत पडलेली.

त्यामुळे रक्कम बाजारभावाइतकीच ठेवा. आज तसंच विमान तसल्याच अवस्थेत परत घ्यायला किती लागतील, हा प्रश्न विचारा. नवीन ग्लास कॉकपिट किंवा ऑटोपायलट बसवलं, इंजिन ओव्हरहॉल झालं, की ब्रोकरला लगेच कळवून रक्कम वाढवून घ्या. पॅनेलवर साठ हजार खर्च करून जुन्याच रकमेवर उडत राहिलेले मालक पुष्कळ आहेत.

विमान काही महिने उडणारच नसेल, मोठी दुरुस्ती चालू असेल, तर फक्त जमिनीवरचा विमा ठेवता येतो किंवा ‘ले-अप’ची सूट मागता येते. टेक्सस-ओक्लाहोमाच्या गारांत उघड्यावर बांधलेल्या विमानाचा पत्रा काही मिनिटांत चिंबून जातो, त्यामुळे तिथे हँगर आहे की नाही याला वजन आहे. फ्लोरिडात असाल, तर वादळ यायच्या आधी विमान हलवायचा खर्च पॉलिसी देते का, ते विचारा.

पायरी ५: लायबिलिटी वाचा, शब्द न् शब्द

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी लक्ष दिलं जातं ते इथे, आणि सर्वांत जास्त द्यायला हवं तेही इथेच. लहान विमानांची नेहमीची पॉलिसी असते दहा लाख डॉलरची, पण त्याला शेपूट असतं: प्रवाशामागे कमाल एक लाख. पहिला आकडा मोठा दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो.

तुमच्या विमानात मित्र, त्याची बायको आणि मुलगा असे तिघं आहेत. अपघात झाला आणि तिघंही गंभीर जखमी झाले. कंपनी प्रत्येकासाठी जास्तीत जास्त एक लाख देईल, मिळून तीन लाख. उरलेले सात लाख त्यांच्या उपयोगाचे नाहीत. ते जमिनीवरच्या लोकांसाठी आणि मालमत्तेसाठी. अमेरिकेत आयसीयूचं बिल काय येतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मित्र तुमच्यावर दावा करणार नाही असं वाटत असेल, तर त्याच्या हेल्थ इन्शुरन्स कंपनीचाही विचार करा, ती वसुलीला येऊ शकते.

‘पर पॅसेंजर’ आणि ‘पर पर्सन’ या दोन शब्दांतला फरक मोठा आहे. ‘पर पॅसेंजर’ असेल तर एक लाखाची मर्यादा फक्त विमानातल्यांना. ‘पर पर्सन’ असेल तर ती जमिनीवरच्या माणसालाही लागू होते. दोन कोटांत थोड्या डॉलरचा फरक दिसला, तर आधी हा शब्द तपासा. काही पॉलिसींत मालकाच्या कुटुंबीयांसाठी मर्यादा आणखी कमी केलेली असते. त्याबद्दल ब्रोकरकडून लेखी उत्तर घ्या, कारण आपल्या विमानात बहुतेक वेळा घरचीच माणसं बसलेली असतात.

अशी पोटमर्यादा नसलेल्या पॉलिसीला ‘स्मूद’ म्हणतात. दहा लाख म्हणजे दहा लाख, कोणासाठीही. कमी तासांच्या पायलटला पहिल्या वर्षी ती मिळणं अवघड असतं. तरीही दरवर्षी मागत राहा. शंभर-दोनशे तास झाले, इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू आहे, क्लेम नाही, की दारं उघडतात. आणि घराच्या अंब्रेला (जादा लायबिलिटीच्या) पॉलिसीच्या भरवशावर राहू नका. त्यांत विमानं बहुतेक वगळलेलीच असतात.

कायद्याचं म्हणाल, तर खासगी विमानाला लायबिलिटी विम्याची केंद्रीय सक्ती नाही. मिनेसोटासारख्या काही राज्यांत आहे. पण विमानतळाच्या हँगर करारात ती बहुतेक वेळा असते, आणि कर्ज घेतलं असेल तर बँक हलचा विमा मागते.

पायरी ६: ट्रान्झिशन ट्रेनिंगचा खर्च आणि वेळ धरा

कोटसोबत अटी येतात. या वर्गात नवख्याला सहसा अशी अट दिसते: मंजूर इन्स्ट्रक्टरबरोबर त्या मेक-मॉडेलमध्ये अमुक तास ड्युअल, त्यानंतर प्रवासी न घेता अमुक तास सोलो, आणि मगच प्रवासी. दहा तास ड्युअल आणि दहा तास सोलो ही बऱ्याचदा दिसणारी जोडी; तास फार कमी असतील तर ड्युअल पंचवीसपर्यंतही जातात.

हे कोट मिळाल्याच्या दिवशीच वेळापत्रकात बसवा. विमान दुसऱ्या राज्यातून आणायचं असेल तर ते तुम्ही एकट्यानं उडवून आणू शकत नाही. इन्स्ट्रक्टर तिकडे न्यायचा, आणि परतीच्या प्रवासात ड्युअलचे तास करून घ्यायचे, ही सगळ्यांत सोयीची पद्धत. मात्र तो इन्स्ट्रक्टर पॉलिसीत बसतो का, हे आधी लेखी विचारा. शिकवण्याचं लायसन्स आहे म्हणून तो आपोआप मंजूर होत नाही. त्याचेही त्या मॉडेलचे तास बघितले जातात.

शिकवणारा त्या विमानातला जाणकारच शोधा. बोनान्झासाठी सोसायटीचा बीपीपीपी कार्यक्रम आहे, सिरससाठी कंपनीनं प्रमाणित केलेले सीएसआयपी इन्स्ट्रक्टर आहेत, मूनीसाठी मापाचे वर्ग होतात. सिरस घेत असाल तर पॅराशूटच्या (अख्खं विमानच खाली उतरवणाऱ्या) वापराचा सराव मनापासून करा. या पॅराशूटचा वापर आजवर शंभरहून जास्त वेळा झाला आहे आणि कित्येक कुटुंबं त्यामुळे वाचली. हँडल ओढलं तर विमानाचं काय होईल, प्रीमियम वाढेल का, असले विचार त्या क्षणी मनात येता कामा नयेत. हलचा विमा त्यासाठीच असतो.

पायरी ७: सही करण्याआधी या कलमांवर बोट ठेवा

‘नेम्ड पायलट’ म्हणजे ज्यांची नावं पॉलिसीत आहेत ते. ‘ओपन पायलट’ कलमात नावं नसलेल्यांसाठीच्या अटी असतात: एवढे एकूण तास, एवढे रिट्रॅक्टेबलचे, एवढे त्या मॉडेलचे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग. मित्राला विमान देताना हे कलम आणि त्याचं लॉगबुक शेजारी ठेवून बघा. एक आकडा कमी पडला तरी संरक्षण नाही. आणखी एक, फार थोड्यांना ठाऊक असलेली बाब: ओपन पायलटच्या अटींत बसणाऱ्या मित्राकडून नुकसान झालं तर कंपनी तुम्हाला भरपाई देते, पण ती रक्कम त्या मित्राकडून वसूल करायचा हक्क तिच्याकडे राहू शकतो. नेहमी उडवणार असेल तर त्याचं नाव पॉलिसीत घाला, नाहीतर त्याला स्वतःची नॉन-ओन्ड (दुसऱ्याचं विमान उडवणाऱ्यासाठीची) पॉलिसी घ्यायला सांगा.

पायलटचं मेडिकल, चोवीस महिन्यांतला फ्लाइट रिव्ह्यू आणि विमानाचं अ‍ॅन्युअल, तिन्ही चालू असणं ही अट असते. या तारखा चुकल्या की विमा कागदावरच राहू शकतो. २०१७ पासून सुरू झालेलं बेसिकमेड (नेहमीच्या मेडिकलऐवजी साध्या डॉक्टरकडून तपासणीची सोय) पिस्टन विमानांसाठी बहुतेक कंपन्यांना चालतं, तरी गृहीत धरू नका.

विमान एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) नावावर असेल, तर पॉलिसीत एलएलसी आणि तुम्ही स्वतः, दोघांचीही नावं इन्शुअर्ड म्हणून हवीत. बँकेचं कर्ज असेल तर तिचं नाव ‘लॉस पेयी’ म्हणून येतं. तुमच्याकडून अट मोडली गेली तरी बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून ती ‘ब्रीच ऑफ वॉरंटी’ मागते. ते संरक्षण बँकेला आहे, तुम्हाला नाही. मेक्सिकोत उडत जाणार असाल, तर मेक्सिकन कंपनीची वेगळी लायबिलिटी पॉलिसी लागते. मित्रांबरोबर इंधनाचा खर्च समान वाटून घ्यायला एफएएची परवानगी आहे, पण त्यापलीकडे पैसे घेतले की तो व्यावसायिक वापर ठरतो आणि खासगी पॉलिसी हात वर करते.

दोघा-तिघांत मिळून विमान घेत असाल तर दर साधारणपणे सर्वांत कमी अनुभवाच्या भागीदाराप्रमाणे लागतो. कोणी किती जास्त भरायचं, हे आधीच लिहून ठेवा.

पायरी ८: नूतनीकरण

मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी नवे तास, नवं ट्रेनिंग, नवी रेटिंग ब्रोकरकडे पाठवा. ‘काही बदल नाही’ असं उत्तर देऊन मोकळं होऊ नका. पहिल्या वर्षी शंभर तास उडालात तर दुसऱ्या वर्षी दर सहसा ठळक उतरतो, पण ते तास त्याला कळायला हवेत. तीस तासच उडालात, तर तेही अंडररायटरला दिसतं.

सत्तरीकडे झुकलेल्यांसाठी वेगळं सांगतो. खासगी पायलटला एफएएची वयोमर्यादा नाही, पण कंपन्यांना वय दिसतं. सत्तरीनंतर नव्या कंपनीचं दार सहजी उघडत नाही, आणि रिट्रॅक्टेबल किंवा टर्बोप्रॉप असेल तर त्याहूनही अवघड. म्हणून सत्तरीच्या आतच एखाद्या कंपनीशी नातं जुळवा, तिथून थोड्या डॉलरसाठी उठू नका, दरवर्षी ट्रेनिंग करून दाखला पाठवा, आणि विमान बदलायचं असेल तर ते आधीच बदला.

पायरी ९: काही घडलंच तर

आधी माणसं. मग विमान आणखी बिघडणार नाही अशी व्यवस्था, आणि त्याच दिवशी ब्रोकरला फोन. गंभीर इजा किंवा विमानाचं मोठं नुकसान असेल, तर एनटीएसबीला (अपघातांची चौकशी करणाऱ्या केंद्रीय संस्थेला) तत्काळ कळवणं बंधनकारक आहे आणि त्यांच्या परवानगीशिवाय अवशेष हलवता येत नाहीत; माणसांना वाचवायला किंवा आणखी नुकसान टाळायला हलवावं लागलं तर गोष्ट वेगळी. साधं गियर-अप बहुतेक वेळा त्या व्याख्येत येत नाही, कारण चाकं, प्रोपेलर, फ्लॅप यांचं नुकसान ‘मोठं’ धरलं जात नाही. विमान धावपट्टीवरून उचलताना फोटो काढा. उचलण्यात झालेलं नुकसान आणि आधीचं नुकसान यावरून पुढे वाद होतात. दुरुस्तीला हात लावायच्या आधी कंपनीच्या अ‍ॅडजस्टरला बघू द्या.

अ‍ॅडजस्टर विमानाची मूळ लॉगबुकं मागेल. ती द्यावीच लागतात, आणि विमान टोटल झालं तर ती त्याच्याबरोबरच जातात. म्हणून विमान घेतल्याच्या पहिल्या आठवड्यातच इंजिन, प्रोपेलर आणि एअरफ्रेम अशी तिन्ही लॉगबुकं, सोबत एफएएचे ३३७ फॉर्म (मोठ्या दुरुस्तीच्या आणि बदलांच्या नोंदी), पानोपान स्कॅन करून विमानाबाहेर, घरी ठेवा.